लिनक्सवर आवाज गेला? ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी हे तपासा

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि घरातल्या जुन्या डेस्कटॉपचं करायचं काय, हा प्रश्न आला. एच६१, एच८१, एच११० मदरबोर्डांची ही यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, पण मोडीत काढण्यासारखीही नाहीत. इंदुरात रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा भागांत असा एखादा डबा टेबलाखाली अजून असतो, आणि घरातल्या नाहीतर शेजारच्या इंजिनिअरिंगवाल्या पोराने त्यावर लिनक्स मिंट चढवून दिलेलं असतं. इंटरनेट चालतं, प्रिंटर चालतो, मराठी टाइप होतं. कीर्तनाचा व्हिडिओ लावला की मात्र स्पीकर गप्प. विचारायला जावं तर काउंटरपलीकडून उत्तर ठरलेलं: ‘ड्राइवर डलवाना पड़ेगा।’

लिनक्सवर साउंड कार्डाचा ड्रायव्हर असा ‘टाकायचा’ नसतो. तो कर्नलसोबत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबत, आलेलाच असतो. मदरबोर्डच्या सीडीत किंवा रिअलटेकच्या साइटवर तो शोधण्यात संध्याकाळ फुकट जाते. बहुतेक वेळा ड्रायव्हर जागेवर असतो, चालूही असतो. आवाज भलत्याच वाटेने चाललेला असतो, नाहीतर मध्ये कुठेतरी म्यूट झालेला असतो. नळाला पाणी आलं नाही म्हणून आपण थेट नर्मदेच्या पाइपलाइनला दोष देत नाही, आधी घरातला कॉक बघतो. इथेही तोच क्रम ठेवायचा.

कमांडबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. त्या इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या. पुढे ‘सुडो’ असेल तर ती कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालते. शेवटी ‘सीटीएल’ दिसलं की ती सी, टी, एल ही तीनच अक्षरं, ‘कंट्रोल’ असा पूर्ण शब्द नाही. कुठे मोठं अक्षर किंवा वेगळं स्पेलिंग लागत असेल तर तिथेच सांगितलं आहे. टर्मिनल उघडायला मिंट आणि उबुंटू या लिनक्सच्या दोन्ही प्रकारांवर कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबा.

आवाजाची वाट

ब्राउझरमधून निघालेला आवाज आधी साउंड सर्व्हरकडे जातो (सगळ्या प्रोग्रामांचा आवाज गोळा करून योग्य कार्डाकडे पाठवणारा प्रोग्राम), तिथून अल्साकडे, अल्सा म्हणजे कर्नलमधला ड्रायव्हरांचा थर, तिथून मदरबोर्डवरच्या कोडेक चिपकडे, म्हणजे आकड्यांतला आवाज स्पीकरला चालेल असा करणाऱ्या चिपकडे, आणि चिपमधून जॅकला. डेस्कटॉपवर ही चिप बहुधा रिअलटेकची असते: एएलसी६६२, एएलसी८८७, एएलसी८९७ अशा नावांची. ड्रायव्हर मात्र चिपच्या कंपनीच्या नावाचा नसतो. इंटेलने २००४ मध्ये आणलेल्या एचडी ऑडिओ पद्धतीसाठी एकच ड्रायव्हर आहे, ‘एसएनडी_एचडीए_इंटेल’. नावात इंटेल असलं तरी एएमडीच्या बोर्डांवर आणि एनव्हिडिया कार्डाच्या एचडीएमआय आवाजालाही तोच लागतो.

साउंड सर्व्हर कोणता, हे आधी माहीत असलेलं बरं. अल्सा २००३ साली आलेल्या २.६ कर्नलपासून ठरलेला आहे, पण त्याच्या वरचा थर, म्हणजे साउंड सर्व्हर, बदलत गेला. उबुंटूने २००८ मध्ये पल्सऑडिओ घेतलं. फेडोराने २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीत पाइपवायर आणलं, उबुंटूने २२.१० मध्ये, आणि लिनक्स मिंटने २०२४ मध्ये २२ व्या आवृत्तीत. इंटरनेटवरचा एखादा उपाय करून बघण्याआधी त्याची तारीख बघा. २०१० च्या सुमाराचा सल्ला आजच्या मिंट २२ वर चालवला तर आवाज येणार नाहीच, चाललेलंही काही बिघडेल. आपल्याकडे काय आहे ते बघायला ‘पीएसीटीएल इन्फो’ चालवा आणि ‘सर्व्हर नेम’ ही ओळ वाचा. तिथे ‘पल्सऑडिओ, ऑन पाइपवायर’ अशा अर्थाचं काही असेल तर खरा सर्व्हर पाइपवायर आहे.

आधी वायर, मग बाकीचं

स्पीकरची पिन काढून मोबाइलला लावा. मोबाइलला हेडफोनचं भोक नसेल तर टीव्हीला लावा. तिथेही आवाज नसेल तर पुढचं वाचायचं कारण नाही, स्पीकरचा ॲडॅप्टर नाहीतर वायर गेली आहे. पावसाळ्यानंतर जॅकवर गंज धरतो. पिन चार-पाच वेळा आतबाहेर करून गोल फिरवली की बरेचदा संपर्क सुधारतो.

मग पिन डब्याच्या मागच्या हिरव्या भोकात घाला, पुढच्या भोकात नाही. मागे हिरवं म्हणजे स्पीकर, गुलाबी म्हणजे माइक, निळं म्हणजे लाइन-इन. पुढची भोकं मदरबोर्डला वेगळ्या वायरीने जोडलेली असतात आणि जुन्या कॅबिनेटमध्ये त्या वायरीला दोन प्लग असतात, एकावर ‘एचडी ऑडिओ’, दुसऱ्यावर ‘एसी९७’ छापलेलं. मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या जागेत दोन्ही बसतात. घाईत एसी९७ वाला बसवला गेला तर चिपला हेडफोन कधी लावला, कधी काढला हे कळेनासं होतं. काही बोर्डांवर त्याचा परिणाम असा होतो की चिप समजते हेडफोन कायम लावलेला आहे, आणि मागचा स्पीकर स्वतःहून बंद करते. वर्षानुवर्षं ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम’ म्हणून ठेवलेल्या यंत्रात कधीकधी एवढंच निघतं. वीज बंद करून, झाकण काढून एचडी ऑडिओचा प्लग बसवा. बायॉसमध्ये (यंत्राची स्वतःची मूळ सेटिंग, ती कशी उघडायची ते पुढे आहे) ‘फ्रंट पॅनल टाइप’ असेल तर तोही एचडीवर ठेवा. झाकण उघडायचं नसेल तर त्याची तोड पुढे अल्सामिक्सरमध्ये आहे.

आता साउंडची सेटिंग उघडा. मिंटमध्ये आउटपुट टॅबवर उपकरणांची यादी दिसते. तिथे तीनपैकी एक चित्र असेल.

यादीत एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट निवडलेलं असेल तर आवाज मॉनिटरकडे चालला आहे, आणि मॉनिटरला स्पीकर नाहीत. व्हॉल्यूमची पट्टी हलते, गाणं पुढे सरकतं, ऐकू मात्र काही येत नाही. ही त्याची ओळखीची खूण. यादीतलं ‘बिल्ट-इन ऑडिओ’ नावाचं लाइन-आउट किंवा ॲनालॉग आउटपुट निवडा, टेस्ट साउंड दाबा. एच८१ बोर्डांवर हे हमखास होतं, आणि त्याला कारण आहे. चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये एचडीएमआयच्या आवाजाचा कंट्रोलर वेगळा आहे आणि मोजणीत तो आधी येतो. म्हणून एचडीएमआय हे कार्ड क्रमांक ० होतं आणि स्पीकरवालं कार्ड क्रमांक १. एच६१ आणि एच११० वर दोन्ही एकाच कंट्रोलरवर असतात, त्यामुळे तिथे हा गोंधळ कमी.

यादीत योग्य नाव निवडलेलं आहे आणि तरी शांतता असेल तर अल्सामिक्सरकडे जा.

आणि यादीत फक्त ‘डमी आउटपुट’ असेल तर सर्व्हर चालू आहे, पण त्याच्या हाती एकही कार्ड आलेलं नाही. ते का आलं नाही, हे शोधायची वाट अशी.

डमी आउटपुट: इथे वाटा फुटतात

टर्मिनलमध्ये लिहा:

कॅट /प्रॉक/एसाउंड/कार्ड्स

‘एसाउंड’ म्हणजे ए अक्षराला लागून साउंड. उत्तरात कार्डांची नावं आली तर कर्नल आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक आहेत, बिघाड साउंड सर्व्हरमध्ये आहे. ‘नो साउंडकार्ड्स’ आलं तर बिघाड कर्नलच्या पातळीवर. ही एक कमांड अर्धं काम वाचवते. ती न चालवता सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल करणं, कर्नल बदलणं, फॉर्मॅट मारणं असे उपाय केले जातात, आणि मूळ बिघाड होता तिथेच राहतो.

कार्ड दिसत नसेल तर पुढची कमांड:

एलएसपीसीआय -एनएनके

यादी लांब येईल. त्यात ‘ऑडिओ’ शब्द असलेल्या नोंदी शोधा आणि प्रत्येकीच्या खालची ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ वाचा. ग्राफिक्स कार्ड वेगळं असेल तर त्याचीही एक ऑडिओ नोंद असते. तिला मदरबोर्डची समजू नका.

ऑडिओची नोंदच नसेल तर चिप बायॉसमध्ये बंद आहे किंवा मेली आहे. यंत्र सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायॉसमध्ये जा, ‘ऑनबोर्ड डिव्हाइसेस’ किंवा ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’ मध्ये ‘एचडी ऑडिओ कंट्रोलर’ एनेबल्ड करा. बायॉसची बटण-बॅटरी संपली असेल तर सेटिंग्ज दर वेळी मूळपदावर येतात. ती बॅटरी सीआर२०३२ असते, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते.

नोंद आहे पण ड्रायव्हरची ओळ नाही, अशा वेळी ‘सुडो मॉडप्रोब एसएनडी_एचडीए_इंटेल’ चालवा. काहीच न बोलता प्रॉम्प्ट परत आला तर ड्रायव्हर चढला. मग कुणीतरी तो ब्लॅकलिस्ट केला आहे का, म्हणजे आपोआप चढू नये असं लिहून ठेवलं आहे का, ते बघा. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ या फोल्डरमधल्या फायलींत ब्लॅकलिस्ट शब्दापुढे त्याचं नाव असेल तर ती ओळ समोर हॅश लावून निष्प्रभ करा. ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ आलं तर ड्रायव्हरची फाइलच डिस्कवर नाही. उबुंटू २२.०४, २४.०४ आणि त्यांवर बेतलेल्या मिंटमध्ये साउंडचे ड्रायव्हर कर्नलच्या मुख्य पॅकेजात नसून ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ या जोडपॅकेजात असतात. अपडेट चालू असताना वीज गेली, डिस्क भरली, किंवा कुणी नुसतं कर्नल हाताने टाकलं, की हे जोडपॅकेज मागे राहतं. ‘युनेम -आर’ ने चालू कर्नलची आवृत्ती बघा (युनेम म्हणजे यू अक्षराला लागून नेम) आणि त्याच आवृत्तीचं पॅकेज टाका:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा-(इथे युनेमचं उत्तर जसंच्या तसं, कंस न घालता)

नंतर यंत्र पुन्हा सुरू करा. कालपर्यंत आवाज होता आणि अपडेटनंतर गेला असेल तर त्याहून सोपी चाचणी आहे. सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे काय सुरू करायचं ते विचारणारा, मेन्यू आणा, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मधून आधीचं कर्नल निवडा. त्यावर आवाज आला तर दोष नव्या कर्नलचा किंवा त्याच्या अर्धवट इन्स्टॉलचा. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या व्ह्यू मेन्यूत ‘लिनक्स कर्नल्स’ आहे. तिथून कर्नल टाकता-काढता येतं. उलट यंत्र अगदी नवं असेल तर जुन्या कर्नलला त्याची चिप ओळखता येत नाही, तिथे नवं कर्नल टाकणं हाच उपाय.

ड्रायव्हर चढलेला आहे, तरी कार्ड नाही, असंही होतं. त्यासाठी ‘सुडो डीएमईएसजी’ चालवून एचडीए, एसएनडी किंवा एसओएफ असलेल्या ओळी शोधा. दोनच गोष्टी सहसा निघतात.

एक, ‘नो कोडेक्स फाउंड’ किंवा ‘ॲझॅक्स गेट रिस्पॉन्स टाइमआउट’ अशा धाटणीची ओळ. कर्नल हाक मारतं आहे, चिप उत्तर देत नाही. विंडोज आणि लिनक्स एकाच यंत्रावर असतील तर विंडोज चिपला भलत्या अवस्थेत सोडून जातं, आणि नुसतं रिस्टार्ट करून ती अवस्था जात नाही. यंत्र पूर्ण बंद करा, मागची वायर काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, अर्ध्या मिनिटाने वायर लावून थेट लिनक्समध्ये या. आवाज परत आला तर विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ कायमचं बंद करा.

दोन, ‘एसओएफ फर्मवेअर’ सापडत नसल्याची तक्रार. ही लॅपटॉपवाल्यांसाठी. ज्या इंटेल लॅपटॉपांत डिजिटल माइक थेट प्रोसेसरच्या चिपला जोडलेला असतो तिथे नेहमीच्या ड्रायव्हरऐवजी साउंड ओपन फर्मवेअर लागतं, आणि ते वेगळ्या पॅकेजात येतं: डेबियनवर ‘फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड’, फेडोरावर ‘अल्सा-एसओएफ-फर्मवेअर’, आर्चवर ‘एसओएफ-फर्मवेअर’. टाका, रिस्टार्ट करा. ‘डीएसपी_ड्रायव्हर=१’ देऊन जुना ड्रायव्हर लादायचा सल्ला मिळतो; काही लॅपटॉपांवर स्पीकर त्याने बोलतातही, पण आतला डिजिटल माइक जातो. व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या मुलाला तुम्ही दिसाल, ऐकू येणार नाही.

अल्सामिक्सर

मला विचाराल तर या सगळ्यात सर्वांत उपयोगी प्रोग्राम हाच, आणि दिसायला सर्वांत ओबडधोबड. टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ लिहा. स्पेलिंगमध्ये ए, एल, एस, ए आणि पुढे मिक्सर. उघडल्यावर बहुतेकदा एकच मास्टरची पट्टी दिसते आणि लोक म्हणतात, इथे तर सगळं ठीक आहे. ते खरं कार्ड नाही, वरच्या सर्व्हरचा मुखवटा आहे. एफ६ दाबा, यादीतून ‘एचडीए इंटेल पीसीएच’ किंवा तुमच्या कार्डाचं नाव निवडा. आता मास्टर, हेडफोन, फ्रंट, सराउंड, पीसीएम, लाइन आउट अशा खऱ्या पट्ट्या दिसतील. सगळ्या सगळीकडे नसतात, चिपप्रमाणे फरक पडतो.

पट्टीखाली ‘एमएम’ म्हणजे म्यूट, ‘ओओ’ म्हणजे चालू. बाणांनी पट्टीवर जा, एम दाबून ओओ करा, वरच्या बाणाने पातळी ऐंशीच्या आसपास न्या. हिरव्या भोकाचा आवाज बहुधा ‘फ्रंट’ किंवा ‘लाइन आउट’ वर असतो, म्हणून मास्टर चालू असूनही ती एक पट्टी म्यूट असेल तर शांतताच. उजवीकडे सरकत गेलात की ‘ऑटो-म्यूट मोड’ सापडेल. वर सांगितलेल्या एसी९७ प्लगच्या घोळात इथे ‘डिसेबल्ड’ करा, मागचा स्पीकर तत्काळ बोलू लागतो. तोटा इतकाच की हेडफोन लावल्यावर स्पीकर आपोआप बंद होणार नाही.

एस्केपने बाहेर पडा आणि ‘सुडो अल्सासीटीएल स्टोअर’ चालवा, म्हणजे ही जुळवणी ‘/व्हार/लिब/अल्सा’ मध्ये जपली जाते. हे विसरलं तर यंत्र अचानक बंद पडल्यावर पुन्हा जुनीच अवस्था येऊ शकते.

आता सर्व्हरला बाजूला ठेवून थेट कार्डाशी बोला. कार्ड १ असेल तर:

स्पीकर-टेस्ट -डी प्लगएचडब्ल्यू:१,० -सी २ -टी डब्ल्यूएव्ही

यातला डी मोठ्या लिपीतला. कार्ड ० असेल तर १ च्या जागी ०. ‘फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट’ असा आवाज आला तर कर्नलपासून स्पीकरपर्यंत सगळं नीट आहे. थांबवायला कंट्रोल-सी. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ आलं तर घाबरू नका, पाइपवायरने कार्ड धरून ठेवलं आहे. ब्राउझर बंद करा, पाचएक सेकंद थांबा, तो आपण होऊन सोडतो. मग पुन्हा चालवा.

सर्व्हरची बाजू

कार्ड दिसतं, स्पीकर-टेस्ट वाजतं, पण साउंड सेटिंगमध्ये डमीच, किंवा ब्राउझरमध्ये शांतता: म्हणजे आता पाइपवायर. त्याच्या तीन सेवा असतात आणि तिन्ही एकदम नव्याने सुरू करायच्या:

सिस्टमसीटीएल --युजर रिस्टार्ट वायरप्लंबर पाइपवायर पाइपवायर-पल्स

पुढे सुडो लावू नका. या सेवा तुमच्या लॉगिनच्या आहेत, यंत्राच्या नाहीत. ‘--युजर’ गाळून सुडोने चालवलं की ‘युनिट नॉट फाउंड’ येतं आणि माणूस समजतो पाइपवायरच इन्स्टॉल नाही, मग ते पुन्हा इन्स्टॉल करायला निघतो. मिंट २१ किंवा उबुंटू २२.०४ वर पल्सऑडिओ असेल तर ‘पल्सऑडिओ -के’ पुरतं. तो मरतो आणि आपोआप नव्याने उठतो.

तरी फरक नसेल तर ‘पीएव्हीयूकंट्रोल’ हा प्रोग्राम टाका. पी, ए, व्ही, यू आणि पुढे कंट्रोल हा शब्द मात्र पूर्ण. शेवटच्या कॉन्फिगरेशन टॅबवर प्रत्येक कार्डाचं प्रोफाइल असतं. तिथे ‘ऑफ’ असेल तर ‘ॲनालॉग स्टिरिओ ड्युप्लेक्स’ करा. ‘प्रो ऑडिओ’ चुकून निवडलेलं असेल तर व्हॉल्यूमचं वागणं विचित्र वाटतं. घरच्या वापराला ते नको. पहिल्या प्लेबॅक टॅबवर गाणं चालू असताना ब्राउझरची वेगळी पट्टी दिसते, ती एकटीच म्यूट असणं किंवा एचडीएमआयकडे वळवलेली असणं हेही नेहमीचं. पाइपवायर ही निवड लक्षात ठेवतं, म्हणून एकदा टीव्ही जोडून बघितलेला सिनेमा नंतर महिनाभर छळतो. लक्षात ठेवलेलं सगळं पुसायचं असेल तर होम फोल्डरमधल्या ‘.लोकल/स्टेट/वायरप्लंबर’ या फोल्डरचं नाव बदला (उडवू नका, परत लागेल) आणि वरची रिस्टार्टची कमांड चालवा. फोल्डरच्या नावाआधीचं टिंब म्हणजे तो लपलेला. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबल्यावर दिसेल.

दोष तुमच्या सेटिंगमध्ये आहे की यंत्रात, हे ठरवायला दोन स्वस्त चाचण्या आहेत. नवा युजर बनवून त्याच्या नावाने लॉगिन करा. तिथे आवाज आला तर तुमच्या होम फोल्डरमधली सेटिंग बिघडली आहे. आणि इन्स्टॉल करताना वापरलेला लाइव्ह पेनड्राइव्ह अजून असेल तर त्यावरून यंत्र सुरू करा. तिथे आवाज आला तर हार्डवेअर निर्दोष. कार्ड विकत घेण्याआधी, बोर्ड दुरुस्तीला देण्याआधी हे करून बघाच.

माइक चालत नाही

घरच्या डेस्कटॉपवर सर्वाधिक वेळा कारण असतं मोबाइलचा इअरफोन. त्याच्या पिनेवर तीन काळ्या पट्ट्या असतात, म्हणजे चार भाग; डेस्कटॉपच्या गुलाबी भोकाला तीन भागांची पिन लागते. पाच मिनिटं सेटिंग चाळण्याऐवजी एका भोकाचे दोन करणारा जोड घ्या, हिरवी आणि गुलाबी अशा दोन पिनांचा. लॅपटॉपच्या एकेरी भोकाला तो लागत नाही.

पिन बरोबर असूनही माइक मुका असेल तर अल्सामिक्सरमध्ये एफ४ दाबून कॅप्चरच्या पट्ट्या आणा, कॅप्चरवर स्पेस दाबा म्हणजे तिथे ‘कॅप्चर’ असा लाल शब्द उमटेल. ‘इनपुट सोर्स’ मध्ये मागचा की पुढचा माइक ते निवडा. ‘माइक बूस्ट’ रिअलटेक चिपांवर १० डेसिबलच्या पायऱ्यांनी ३० पर्यंत जातो. बोलण्यासाठी १० किंवा २० बास. पेटी-तबल्याचा रियाज ध्वनिमुद्रित करायचा असेल तर शून्यापासून सुरुवात करा. ३० वर ठेवलं की तबल्याची प्रत्येक थाप फाटते आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने ती शिवता येत नाही.

ब्लूटूथ हेडसेटवर कॉल सुरू होताच गाण्याचा आवाज टेलिफोनसारखा होतो, तो बिघाड नाही. माइक वापरात आला की हेडसेट ए२डीपी हे गाण्यांसाठीचं प्रोफाइल सोडून कॉलसाठीच्या हँड्सफ्री प्रोफाइलवर जातो आणि दर्जा पडतो. माइक लॅपटॉपचाच निवडा, कानात हेडसेट ठेवा.

खरखर, टकटक आणि गुणगुण

तीन वेगळे आवाज, तीन वेगळी कारणं. सुरुवातीला किंवा शेवटी येणारा ‘टक’ वीजबचतीचा: काही वेळ आवाज नसला की ड्रायव्हर चिपला झोपवतो आणि उठवताना टक होतो. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ मध्ये ‘.कॉन्फ’ वर संपणारी फाइल बनवून त्यात एक ओळ टाका, ‘ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०’, आणि रिस्टार्ट करा. लॅपटॉपवर बॅटरी थोडी जास्त खर्च होईल.

गाणं चालू असताना तुटक-तुटक येणं म्हणजे प्रोसेसर वेळेत माल पुरवत नाही. ‘पीडब्ल्यू-टॉप’ चालवा; ‘ईआरआर’ स्तंभातला आकडा वाढत असेल तर निदान पक्कं. पाइपवायर सहसा एका वेळी १०२४ नमुने घेतं, ४८,००० च्या दराने साधारण २१ मिलिसेकंद. ते दुप्पट करून बघा:

पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम २०४८

उपयोग नसेल तर २०४८ च्या जागी ० देऊन मूळपदावर आणा. रिस्टार्ट केल्यावर ते तसंही जातंच.

सतत येणारी ‘हूँऽऽ’ ही ड्रायव्हरची नाहीच. ती ५० हर्ट्झच्या विजेची आहे. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो पण तिसऱ्या पिनेला अर्थिंग बरेचदा नसतं. गणपतीत डेस्कटॉपची वायर मोठ्या ॲम्प्लिफायरला जोडली की ती गुणगुण आरतीपेक्षा मोठी होते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा, गुणगुण थांबली तर खात्री पटली. संगणक आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, आणि मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. अर्थिंगची पिन कापणं हा उपाय नाही, त्याने झटका बसतो.

जे करू नये

‘सुडो एपीटी पर्ज पल्सऑडिओ’ करू नका. त्याच्यासोबत डेस्कटॉपची पॅकेजंही निघू शकतात, म्हणून यस म्हणण्याआधी काय काय काढलं जाणार ती यादी वाचा. पल्सऑडिओ आणि पाइपवायर-पल्स दोन्ही एकत्र चालू ठेवू नका. स्वतःला ‘ऑडिओ’ ग्रुपमध्ये घालायचा सल्ला जुना आहे. आता समोर बसलेल्या युजरला कार्ड आपोआप मिळतं, आणि ग्रुपमध्ये घातल्यावर उलट दोन युजर एकाच कार्डावर भांडतात. ‘मॉडेल=’ ने सुरू होणारे पर्याय अंदाजाने देऊ नका, ते ठरावीक बोर्डांसाठी असतात.

चिप खरंच गेली असेल तर मदरबोर्ड बदलू नका. यूएसबी साउंड कार्ड घ्या, हिरवं आणि गुलाबी अशी दोन भोकं असलेलं छोटंसं. सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडच्या बाजूला दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळतं. यूएसबी ऑडिओ क्लासचं असेल तर लिनक्सला वेगळं काहीच लागत नाही, ‘एसएनडी_यूएसबी_ऑडिओ’ ते लगेच उचलतो. मागच्या यूएसबी भोकात लावा, आउटपुटमध्ये निवडा. बायॉसमध्ये जुनी चिप डिसेबल केली तर यादीतला गोंधळही जातो.

एवढं करूनही अडलंच तर मदत मागताना ‘आवाज येत नाही’ एवढंच कळवू नका. ‘अल्सा-इन्फो --नो-अपलोड’ चालवा. ‘/टीएमपी’ फोल्डरमध्ये तयार होणाऱ्या मजकूर फायलीत चिप, ड्रायव्हर, कर्नल, मिक्सरची पातळी सगळं येतं. ती फाइल, डिस्ट्रिब्यूशनचं नाव आणि आवृत्ती, आणि आवाज शेवटचा कधी आला होता, या तीन गोष्टी पाठवा.